साँसेर, निफाड आणि कोथिंबीर वडी

भिलाईहून बोलतोय. मागे पंखा फुल स्पीडवर आहे, त्यामुळे आवाजात घरघर आली तर ती माझ्या घशाची समजू नका.

मागच्या दोन भागांत मी तोफखान्याबद्दल बोललो. मग काही जणांनी कळवलं, कर्नलसाहेब, युद्ध पुरे, आता काहीतरी खाण्यापिण्याचं सांगा. एकाने तर विचारलं, फौजी माणसाला रमशिवाय दुसरं काही कळतं का? थोडंसं कळतं. उशिरा कळलं, आणि एका माणसाला त्याची किंमत मोजावी लागली, म्हणून आज हा विषय घेतलाय. विषय आहे साँसेर नावाची फ्रान्सची एक पांढरी वाईन आणि तिचं आपल्या नाशिकशी असलेलं नातं.

आधी एक स्पष्ट करतो. जे पीत नाहीत, त्यांनी हे ऐकून सुरू करण्याची काही गरज नाही. तीस वर्षांच्या नोकरीत दारूने संपलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत, त्यातला एक तर माझ्याच बॅटरीतला होता. ज्यांना औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारावं, मला नाही. आता पुढे जाऊ.

या वाईनला ‘ड्राय’ म्हणतात. आपल्याकडे ड्राय म्हटलं की आधी ड्राय डे आठवतो, दोन ऑक्टोबर. वाईनच्या बाबतीत ड्राय म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही ती. द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती साखर खातं, त्यातून अल्कोहोल तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. ढोबळ हिशेब असा, की लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे साडेबारा टक्क्यांची वाईन हवी असेल तर रसात लिटरला दोनशे ग्रॅमच्या वर साखर लागते. इतकी साखर आपण चहात घातली तर कोणी तोंडात धरणार नाही. यीस्टने ती जवळजवळ सगळी संपवली, लिटरला चार ग्रॅमच्या आत आणली, की वाईन ड्राय झाली. मग जिभेला काय लागतं? आंबटपणा. लिंबाचा, कच्च्या सफरचंदाचा. पहिल्या घोटाला आपला मराठी माणूस तोंड वाकडं करतो, कारण त्याने द्राक्षाची वाईन म्हणजे गोड सरबत असेल अशी कल्पना केलेली असते. मीही केली होती.

साँसेर हे गावाचं नाव. पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, ल्वार नदीच्या काठावर, एका टेकडीच्या माथ्यावर वसलेलं. ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरच्या आसपास. तिच्या काठाने खाली समुद्रापर्यंत जात राहिलात तर दर टप्प्याला वाईन बदलते. मुखाजवळ नाँत शहराच्या आसपास मुस्कादे, मध्ये वुव्हरे, आणि वरच्या अंगाला साँसेर. नदीच्या पलीकडच्या काठावर पुयी नावाचं गाव आहे. त्यांचीही वाईन त्याच द्राक्षाची, आणि दोन्ही काठांचं वाकडं. आमच्या दोन रेजिमेंट शेजारी शेजारी असल्या की कसं असतं, तसंच.

माझी मुलगी पॅरिसजवळ नोकरी करते. २०१९ साली आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा जावई आम्हाला गाडीने तिकडे घेऊन गेले. मला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल. निघालं तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. पण टेकडीवरून खाली पाहिलं आणि मी चक्क नकाशा वाचायला लागलो. जुनी सवय. प्रत्येक उताराचं तोंड कुठे, ऊन कधी येईल, पाणी कुठून वाहील. तिथले शेतकरीही नेमका हाच विचार करतात. जमीन तीन प्रकारची. एक चुनखडीच्या लहान दगडांची. दुसरी पांढरट चिकणमातीची, जिच्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले शिंपले आजही सापडतात. तिसरी गारगोटीची. तो दगड ठिणगी पाडणारा, जुन्या बंदुकांत वापरायचे तसला. तिथले लोक सांगतात की गारगोटीच्या जमिनीतल्या वाईनला बंदूक झाडल्यासारखा वास येतो. मी तोफखान्याचा माणूस, म्हटलं यात तरी मला कोणी शिकवू नये. मनापासून वास घेतला. दारूगोळ्याचा वास तो नव्हेच. पावसाचा पहिला थेंब तापलेल्या दगडावर पडल्यावर येतो ना, त्याच्या जवळचा काहीतरी होता.

द्राक्षाचं वाण आहे सोव्हिन्यों ब्लाँ. या वाणाची ओळख नाकानेच पटते. कापलेलं गवत, हिरवी ढोबळी मिरची, आणि फळ जास्त पिकलं असेल तर पेरू. ढोबळी मिरचीची उपमा कवीची नाही. पायराझिन नावाचा पदार्थ ढोबळी मिरचीतही असतो आणि या द्राक्षातही. थंडीत हळू पिकलेल्या द्राक्षात तो जास्त राहतो, उन्हात पिकलं की कमी होतो. आणखी एक गंमत. जगभर गाजलेलं काळं द्राक्ष काबेर्ने सोव्हिन्यों हे या पांढऱ्या द्राक्षाचं अपत्य आहे. १९९७ साली कॅलिफोर्नियात डीएनए तपासून हे सिद्ध झालं. तोवर कोणाला पत्ता नव्हता.

फ्रान्समध्ये १९३६ पासून साँसेर हे नाव कायद्याने बांधलेलं आहे. ठरलेल्या हद्दीतलं, ठरलेलं द्राक्ष, ठरलेली पद्धत, तरच बाटलीवर साँसेर लिहायचं. गंमत म्हणजे हे द्राक्षही तिथलं जुनं राजघराणं नाही. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाची मावा-तुडतुड्यांच्या जातीची कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि द्राक्षाची मुळं खाऊन बागा उद्ध्वस्त केल्या. त्याआधी साँसेरला काळी द्राक्षंच जास्त होती. अमेरिकन द्राक्षाच्या मुळावर युरोपच्या वाणाचं कलम करायचं, हा उपाय सापडला, आणि नव्याने लावताना तिथल्या लोकांनी सोव्हिन्यों ब्लाँ जास्त लावलं. कलमाचं ऐकून नाशिककर हसतील. आपल्याकडची द्राक्षंही डॉगरिजच्या खुंटावर असतात, आणि डॉगरिज आहे टेक्सासचं.

आता नाशिक. तोफखान्याचं स्कूल देवळालीत आहे, त्यामुळे नाशिक हे आम्हा गनर लोकांचं माहेर. तरुणपणी कोर्ससाठी गेलो, पुढे शतक बदलताना तिथे पोस्टिंग होतं. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले ते अगदी सुरुवातीच्या काळात, रशियन इंजिनियर इथे राहत होते तेव्हा. म्हणून आमचं घर इथलं झालं, पण सुट्टी लागली की मामाच्या गावाला. तेव्हा द्राक्ष म्हणजे खायचं द्राक्ष. थॉमसन सीडलेस. मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाईनला याच्या बरोबर उलट लागतं. लहान मणी, जाड साल, आत बिया.

महाराष्ट्रात याची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला झाली. तिथे शँपेनच्या पद्धतीने फेसाळ वाईन बनवून परदेशात पाठवत. नाशिकच्या बाजूला राजीव सामंत नावाचा तरुण अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर आला आणि १९९७ च्या सुमारास त्याने सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ ही ल्वारकाठची दोन वाणं लावली. आईचं नाव सुलभा, म्हणून कंपनी सुला. २००० साली पहिली बाटली आली. तेव्हा मी देवळालीत होतो. मेसमध्ये कोणीतरी ती बाटली आणली, आणि आम्ही रमवाल्यांनी तिची भरपूर टिंगल केली. पण वास माझ्या लक्षात राहिला.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष वाईनचं धोरण काढलं. करात सवलत, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क. पेपरात रोज काहीतरी छापून यायचं. नाशिक म्हणजे भारताचा नापा, वगैरे. आणि इथे मी शिरलो.

माझा मामेभाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणतो. माळकरी माणूस. आषाढीला पायी जाणारा, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य. २००५ च्या दिवाळीत मी त्याला म्हणालो, अण्णा, दोन एकरांत वाईनचं द्राक्ष लाव. तो म्हणाला, अरे, मी माळ घातलेला माणूस, दारूसाठी पीक घेऊ? मी म्हणालो, तू द्राक्ष विकतोयस, पुढे त्याचं कोण काय करतं त्याच्याशी तुझा काय संबंध. ऊस लावणारा मळीची काळजी करतो का? माझ्याकडे तेव्हा उत्तरं फार तयार असायची. आणि मी कर्नल. घरात माझ्या शब्दाला वजन होतं, जे या बाबतीत असायला नको होतं. मला शेतीतलं काही कळत नव्हतं.

अण्णाने लावलं. तो त्याला ‘सावनी’ म्हणायचा. एका वायनरीशी करार झाला. भाव साखरेवर, म्हणजे ब्रिक्सवर. त्याने खिशात मावणारं ते ब्रिक्स मोजायचं यंत्र घेतलं, आणि दिवसातून तीनदा मणी चिरडून डोळ्याला लावायचा. वाईनच्या बागेचं गणितही वेगळं. मणी फुगवायला जीएमध्ये घड बुडवायचे नाहीत, पाणी तोडून द्यायचं, माल जाणूनबुजून कमी ठेवायचा. आयुष्यभर मणी मोठा करायला शिकलेल्या माणसाला हे जड गेलं. तो म्हणायचा, पोराला उपाशी ठेवून पैलवान करायला सांगताहेत.

एक फरक इथे सांगायला हवा. साँसेरला हिवाळ्यात वेल झोपतो. पानं गळतात, बर्फ पडतं, वसंतात नवी फूट येते, सप्टेंबरच्या आसपास काढणी. तिथे शत्रू म्हणजे एप्रिलमधलं कडक दंव, जे कोवळी फूट जाळतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. त्याला आपण कात्रीने झोपवतो आणि उठवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग पावसाळा संपता संपता गोडी छाटणी. वर्षात दोन छाटण्या, पीक एक. द्राक्ष पिकतं थंडीत, संक्रांत ते शिवरात्रीच्या दरम्यान, कारण पावसात पिकवलं तर डावणी आणि भुरी बागच खाऊन टाकतील. म्हणजे तिकडे काढणी चालते तेव्हा इकडे कात्री चालते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, जानेवारीत दिवसा ऊन आणि रात्री गारठा. त्या गारठ्यामुळेच आंबटपणा टिकतो. नाही तर वीस अंश अक्षांशावर पांढरी वाईन करायची म्हणजे धाडसच. आमची भिलाई एकवीसवर आहे, करून बघा म्हणावं.

पहिलं पीक चांगलं गेलं. मग २००८ आलं. जगभर मंदी, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला, हॉटेलं ओस, आणि ही वाईन खपायची मुख्यतः हॉटेलांत. दरम्यान माझ्यासारख्यांचा सल्ला ऐकून हजारो एकर लागवड झालेली. टाक्या भरलेल्या, माल उठत नाही. २००९ मध्ये अण्णाचा अर्धा माल घेतला. २०१० मध्ये वायनरीने फोन उचलणं बंद केलं. खायच्या द्राक्षाला बाजार समिती असते, व्यापारी असतो, काहीच नाही तर बेदाणा करता येतो. या द्राक्षात बिया. बेदाणा होत नाही, गाडीवाला घेत नाही, पाहुणेसुद्धा खात नाहीत. मार्चमध्ये मी तिथे गेलो तेव्हा घड वेलावरच सुकत होते. अण्णा मला एक शब्द बोलला नाही. वहिनींनी जेवायला वाढलं, तेही नेहमीसारखंच. त्याच वर्षी त्याने ती बाग जेसीबी लावून उपटली. त्या भागात तेव्हा अनेकांनी उपटली.

कर्जाचा काही भाग मी भरला. ते सांगून मोठेपणा घ्यायचा नाही, कारण तीन वर्षं त्याने जी कष्टाची घातली ती मी भरू शकलो नाही.

उद्योग पुढे सावरला, हेही खरं. दिंडोरीला फ्रान्सच्या मोठ्या कंपनीने फेसाळ वाईनचा कारखाना काढला, सुला २०२२ च्या अखेरीला शेअर बाजारात आली. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्र सरकारने मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. एक बाजू म्हणे शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणे घराघरात दारू. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचंच नाव घेतलं. निर्णय काही अमलात आला नाही. मला दोन्हीकडचं थोडं पटतं, त्यामुळे मी कुठल्याच वादात बसत नाही.

आता खाण्याकडे. बायको केव्हाची खूण करतेय की मूळ विषयावर या.

साँसेरच्या टेकडीखाली शाव्हिन्योल म्हणून वस्ती आहे. तिथे बकरीच्या दुधाचं चीज करतात, मुठीत मावेल एवढी गोल वडी. साँसेरबरोबर तेच खायचं, हा तिथला रिवाज. कारण सोपं आहे. चीज आंबट आणि खारट, वाईनही आंबट. आंबटाला आंबट भेटलं की दोन्ही मऊ होतात. आपण ताकाबरोबर लोणचं खातो, त्यातलीच गोष्ट. हे चीज भिलाईत मिळत नाही, पण त्याचा जवळचा भाऊ घरी होतो. आमच्या मागच्या वस्तीत बकऱ्या आहेत. बकरीच्या दुधाचं दही लावा. ते सैलच लागतं, घाबरू नका. फडक्यात बांधून रात्रभर टांगा, थोडं जास्तच टांगा. श्रीखंडाचा चक्का करतो तसा. साखर मात्र घालायची नाही. मीठ, भरडलेली मिरी, झालं. भाकरीच्या तुकड्यावर लावून खा. जावयाने खाऊन सांगितलं, ताजं चीज असंच असतं. जावई सासऱ्याला खोटं बोलू शकतो, पण त्याने दुसऱ्यांदा मागितलं.

मराठी ताटातलं काय चालतं? माझ्या मते सर्वांत उत्तम कोथिंबीर वडी. कोथिंबिरीचा हिरवा वास आणि या वाईनचा हिरवा वास एकमेकांना ओळखतात, आणि तळणीचं तेल आंबटपणाने धुऊन निघतं. सुरळीच्या वड्या उत्तम. मासे म्हणाल तर रव्यात तळलेलं पापलेट, तिसऱ्यांचं सुकं. कोकणातल्या मंडळींना सांगायला नको, फ्रान्समध्येही ही वाईन शिंपल्यांबरोबर पितात. आमच्या छत्तीसगडचा फरा, म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या कणकेला तीळ-मिरचीची फोडणी, फारच छान जमतो. इथला इडहर, अळूच्या पानात उडदाची डाळ आणि आंबट रस्सा, तोही. अळूवडीबद्दल मात्र सांभाळून. गूळ जास्त पडला की वाईन एकदम पाणचट आणि आंबटढाण लागते. हाच नियम लक्षात ठेवा. गोड पदार्थ आणि ड्राय वाईन यांचं जमत नाही. पुरणपोळीबरोबर तर कोणी प्रयत्नच करू नये, पुरणपोळीला दूध आहे, तूप आहे, तिला आणखी कोणाची गरज नाही.

नागपूरची मंडळी सावजीबद्दल विचारणारच. नाही. तिखट आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंडात आग दुप्पट होते, आणि वाईनचा वास कुठल्या कुठे जातो. सावजीबरोबर पाणी प्या, किंवा धीर धरा. भरल्या वांग्यांचंही जमलं नाही. दाण्याचं कूट आणि गोडा मसाला तिला झाकून टाकतात. मी दोनदा करून पाहिलं, घरातून तिसऱ्यांदा परवानगी मिळाली नाही.

तापमान महत्त्वाचं. आठ ते दहा अंश. फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटांनी ओतावी असं पुस्तकं सांगतात. ही पुस्तकं भिलाईच्या मे महिन्यात लिहिलेली नसतात. इथे पाच मिनिटं पुष्कळ. ग्लास अर्ध्याहून कमी भरा, म्हणजे गरम व्हायच्या आत संपतो. बर्फ घालू नका. आणि उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस राहते. एका बसणीत संपवायची सक्ती नाही, हे आमच्या फौजी मित्रांना खास सांगतो.

परदेशातून येताना माणशी दोन लिटर आणता येते, मुलगी तशाच दोन बाटल्या आणते. एरवी नाशिकचीच घ्यावी. साँसेरच्या मानाने तिच्यात पेरू जास्त, दगड कमी. किंमत बरीच कमी. मला विचाराल तर कोथिंबीर वडीला नाशिकची आणि चक्क्याला साँसेर.

गेल्या दिवाळीत अण्णा भिलाईला आला होता. आता पंच्याहत्तरीला आलाय. संध्याकाळी मी आणि जावई ग्लास घेऊन अंगणात बसलो होतो. मला संकोच वाटला, मी ग्लास खुर्चीमागे ठेवला. तो म्हणाला, दाखव की. हातात घेतला, ओठाला लावला नाही, नुसता वास घेतला. बराच वेळ घेतला. म्हणाला, सावनी आहे. चौदा वर्षांनी त्याने नुसत्या वासावर ओळखलं. मग विचारलं, तिथल्या शेतकऱ्याला किलोला काय भाव देतात?

जावई म्हणाले, काका, तिथे बहुतेक जण द्राक्ष विकतच नाहीत. स्वतःच्या तळघरात स्वतः वाईन करतात, बाटलीवर घराण्याचं नाव घालतात आणि विकतात. बाप गेला की पोरगा करतो.

अण्णाने ग्लास माझ्या हातात परत दिला. म्हणाला, मग माल नको म्हणायला कोणी नसेल तिथं. आणि वहिनींना हाक मारून विचारलं, चक्का राहिलाय का थोडा, भाकरीबरोबर बघतो.

चला, इथेच थांबतो. पंख्याबद्दल क्षमस्व. पुढच्या वेळी विषय तुम्ही सुचवा.